एकोणीस पुस्तकं बाहेर आहेत

ही घटना खरी आहे. अक्षरन् अक्षर खरी.

ज्या बाईच्या बाबतीत ती घडली, त्या गावच्या ग्रंथपाल मॅव्हिस हेडली आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत. आमच्या खोऱ्यात कोणालाही विचारा.

अपवाद फक्त दहा महिन्यांचा. त्या दहा महिन्यांत त्या दर गुरुवारी, दुपारी सव्वातीनला, एकाच म्हाताऱ्याशी तोंडावर खोटं बोलत होत्या.

ही घटना त्या म्हाताऱ्याची आहे.

गाव ब्लेकरिग. स्कॉटलंडची हद्द टेकडीपलीकडं. पहिली खूण मिळाली तो दिवस गुरुवार, १० नोव्हेंबर १९८८. रात्र नव्हती. भुताची गोष्ट वाचायला बसलेल्यांचा हिरमोड होईल, पण नाइलाज आहे. ग्रंथालय पाचला बंद होतं. नोव्हेंबरात आमच्याकडं साडेतीनलाच दिवे लावावे लागतात, तेवढ्या अंधारावर भागवून घ्यावं.

आता म्हाताऱ्याविषयी.

ॲल्विन स्टोको. मेंढ्यांच्या औषधाचे फिरते विक्रेते म्हणून चाळीस वर्षं काढली. गोठ्यागोठ्यांतून हिंडता हिंडता जुन्या गोष्टी गोळा केल्या आणि रविवारी त्यांची पुस्तकं लिहिली. एकोणीस. खोऱ्याच्या तोंडाशी एक छापखाना होता, त्यानं ती छापली. कायद्यानं प्रत्येकाची एक प्रत लंडनला जायला हवी होती. छापखान्याच्या मालकाला लंडनच मान्य नव्हतं. मग छापखाना बंद पडला.

स्टोकोंचं घर नदीकाठी. भिंतींना ओल. म्हणून त्यांनी स्वतःच्या प्रती ग्रंथालयाला देऊन टाकल्या. तिथं निदान हीटर होता.

आणि मग ते स्वतःचीच पुस्तकं वाचायला नेऊ लागले.

याला कारण होतं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक कागद चिकटवलेला असतो. पुस्तक नेलं की त्यावर परतीच्या तारखेचा शिक्का बसतो. वर्षभर एकही शिक्का बसला नाही, तर पुस्तक रद्द. फळीवर जागा कमी, मरणारी पुस्तकं जास्त. तेव्हा स्टोको दर गुरुवारी यायचे, चार पुस्तकं परत करायचे, पुढची चार न्यायचे. एका माणसाला चारच मिळत. एकोणीसांची पाळी महिन्या-सव्वामहिन्यानं पुरी व्हायची.

मॅव्हिसना हे कळत होतं. त्या शिक्का मारायच्या आणि म्हणायच्या, "चांगलं आहे का हो हे?"

"सुरुवात जरा संथ आहे," स्टोको गंभीरपणे म्हणायचे. "पण लेखकाला मेंढ्यांतलं कळतं."

हा विनोद अकरा वर्षं चालला. त्या अकरा वर्षांत मॅव्हिसनी त्यातलं एकही पुस्तक उघडून वाचलं नव्हतं.

मग १९८६च्या फेब्रुवारीत स्टोको बर्फावरून घसरले. खुबा मोडला. इस्पितळ, दुसरी शस्त्रक्रिया, मग न्यूकॅसलला पुतणीकडं विश्रांती. चौदा महिने गेले.

शिक्के थांबले.

१९८७च्या मार्चमध्ये रद्दीची गाडी आली. नियमाला एक पळवाट होती: जिल्ह्यातली शेवटची प्रत असेल, तर ती रद्द करायची नाही. त्यासाठी मुख्य ग्रंथालयाला फोन करून विचारायचं आणि यादीवर खूण करायची. मॅव्हिसनी फोन केला. लागेना. बाहेर गाडीवाला क्लिफ भोंगा वाजवत होता. त्यांनी विचार केला, एवढ्या मोठ्या मुख्य ग्रंथालयात प्रत नसेल कशी?

त्यांनी एकोणीस वेळा खूण केली. 'दुसरी प्रत मुख्य ग्रंथालयात आहे.'

तिथल्या बाईंनी महिन्यापूर्वी आपल्या एकोणीस प्रती रद्द करताना लिहिलं होतं, 'दुसरी प्रत ब्लेकरिगला आहे.'

हे मॅव्हिसना दोन आठवड्यांनी कळलं. तोवर लगदा झाला होता.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी, सव्वातीनला, दार उघडलं. काठी टेकत स्टोको आत आले. नेहमीच्या फळीपाशी गेले. तिथं आता बागकामाची पुस्तकं होती.



"मॅव्हिस, पोरी," ते म्हणाले. मॅव्हिस तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. "माझी कुठं गेली?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडापर्यंत आलंही होतं.

"बाहेर गेलीत, मिस्टर स्टोको. लोकांनी नेलीत."

"सगळी?"

"सगळी."

म्हातारा खुर्चीत बसला. टोपी काढली. पुन्हा घातली. त्यांच्या चेहऱ्याकडं बघणं मॅव्हिसना जमलं नाही.

पुढच्या गुरुवारी ते आले ते दाढी करून, टाय लावून.

"अजून बाहेरच का गं?"

"अजून बाहेरच."

"नेतंय तरी कोण?"

"ते सांगता येत नाही. नियम आहे."

"बरोबर आहे. नियम हवाच." मग जरा वाकून, हळू आवाजात, "पण सगळ्यात जास्त मागणी कशाला आहे, एवढं सांगितलंस तर चालेल ना?"

मॅव्हिसना एकच नाव आठवलं. सगळ्यात जाड पुस्तकाचं. रोज पुसताना तेच हाताला जड लागायचं.

"'हेक्सरिगचा सरदार'."

"अस्सं?" स्टोकोंनी भुवया उंचावल्या. "त्याविषयी माझ्या मनात शंका होती बघ. कमाल आहे. म्हणजे लोकांना सरदार हवाय."

आणि त्यांनी घरी जाऊन त्याचा दुसरा भाग लिहायला घेतला.

दहा महिने ते लिहीत होते. दर गुरुवारी येऊन विचारत होते. दर गुरुवारी पुस्तकं बाहेर होती. फेब्रुवारीत, बसथांब्यावर, ते बसल्या जागी गेले. शेजारच्या बाईला वाटलं डुलकी लागली; तिनं बस आल्यावर त्यांना उठवायचाही प्रयत्न केला.

पाद्रीबाबा दफनाच्या वेळी म्हणाले, "शेवटच्या वर्षी आपलं अख्खं खोरं त्यांना वाचत होतं, हे त्यांनी स्वतः मला आनंदानं सांगितलं." सगळ्यांनी माना हलवल्या. प्रत्येकाला वाटलं, आपण सोडून बाकीचे वाचत असतील.

मॅव्हिस मागच्या बाकावर होत्या. 

इथवर भुताचा संबंध नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुतणीचं पत्र आलं. इसोबेल स्टोको, न्यूकॅसलला शाळेत पाककला शिकवायची. पंधरा डिसेंबरला काकांचा ऐंशीवा वाढदिवस झाला असता. त्या दिवशी ग्रंथालयात त्यांची सगळी पुस्तकं मांडू या का? 'खाण्याचं मी बघते. पुस्तकं तर तुमच्याकडं आहेतच.'

मॅव्हिसनी चार वेळा खरं पत्र लिहिलं. चारही फाडली. पाचव्यात लिहिलं, 'जरूर या.'

दहा नोव्हेंबर. सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं. ग्रंथालयात चिटपाखरू नाही. हीटरचा कुरकुर आवाज, बस्स.

सव्वातीन.

आणि...

धप्प.

दाराला एक फट होती, आतून पेटी. ग्रंथालय बंद असताना लोकांनी पुस्तकं टाकायची ती. उघडं असताना तिच्यात कोणी टाकत नाही. का टाकेल? आत यावं, टेबलावर ठेवावं, हवेबद्दल तक्रार करावी.

धप्प.

धप्प.

...धप्प.

चार.

मॅव्हिसनी उठून दार उघडलं. रस्ता रिकामा. पायऱ्यांवर बोटभर बर्फ.

बर्फावर एकही पाऊल नव्हतं.

त्यांनी पेटी उघडली. आत चार पुस्तकं. सगळ्यात वरच्या पुस्तकावर नाव होतं... ॲल्विन स्टोको.

मॅव्हिसनी चारही बाहेर काढली.

त्याच प्रती होत्या. एकाच्या पाठीवर त्यांनी स्वतः चिकटवलेली चिकटपट्टी होती. पण रद्द करताना पहिल्या पानावर मारलेला लाल शिक्का... नव्हता. आणि तारखांचा कागद खालपर्यंत भरलेला. मे ८७. जून. जुलै. दर महिन्याला एक. शेवटचा, १० नोव्हेंबर १९८८.

म्हणजे पुस्तकं वेळेवर परत आली होती.

संध्याकाळी त्यांनी क्लिफला फोन लावला.

"क्लिफ, मागच्या वर्षीच्या मार्चमधली खोकी आठवतात?"

"कुठली? मी खोकीच उचलतो, बाई."

"आमची. त्यांचं काय झालं?"

"लगदा झाला. पट्ट्यावर मीच ओतली."

"खात्री आहे?"

"माझ्या आयुष्यात खात्रीची एवढीच गोष्ट आहे. का? काही परत पाहिजे होतं?"

मॅव्हिसनी फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी, सव्वातीनला, पुन्हा चार. त्याच्या पुढच्या गुरुवारी चार. एक डिसेंबरला चार. एका माणसाला चारच मिळतात. नियम कुठंही मोडला गेला नव्हता. एकदा त्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसल्या. फटीवरची पितळी झडप उचलली गेली, पुस्तक आत आलं, झडप मिटली. फटीतून पलीकडचं दिसत होतं. पलीकडं रस्ता होता, आणि रस्त्यापलीकडं खाटकाचं दुकान.

पुस्तक टाकणारा हात तेवढा नव्हता.

कोण टाकतंय यापेक्षा मॅव्हिसना दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटत होती.

ती पुस्तकं वाचलेली होती.

एकात चहाच्या कपाचा गोल डाग. एकात खूण म्हणून मेंढीच्या लोकरीचा पुंजका. एकाला पेपरमिंटचा वास. एकाच्या समासात पेन्सिलीनं, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'असं नव्हतं. पूल आधी पडला.' वेगवेगळी माणसं. वेगवेगळ्या सवयी. 'लोकांनी नेलीत' असं मॅव्हिस म्हणाल्या होत्या ना?

कोणीतरी नेली होती.

मग त्यांनी ती वाचायला घेतली. दुसरं काय करणार? दिवसा टेबलापाशी, एकामागून एक. आणि शरमेनं मान खाली जात राहिली. त्यांना वाटलं होतं, एकोणीस वेळा तेच असेल. घोडे, मशाली, सरदार. तसं नव्हतं. रोमन छावणीतल्या आचाऱ्याची कादंबरी होती, त्यात लढाई एकदाच येते आणि तीही भांडी घासताना ऐकू येते. शिशाच्या खाणीतल्या संपाची होती. खोऱ्यातल्या पुलांवर एक लहानसं पुस्तक होतं. मुलांसाठी कोडी होती. दोन प्रेमकथा बायकोच्या माहेरच्या नावानं लिहिलेल्या होत्या, आणि त्या वाचून मॅव्हिसचे कान तापले. मेंढ्यांच्या रोगांवर एक पुस्तक होतं. त्यातल्या तिसऱ्या प्रकरणात एक धनगर आजारी मेंढीशी रात्रभर बोलतो, ते वाचून त्या रडल्या आणि मग खुरांच्या मलमाची कृती आली.

आणि 'सात घरांचा धूर'.

जेमतेम दीडशे पानं. हद्दीवरच्या लुटारूंचा काळ. साथीत अख्खी वाडी मेलेली, उरलेली एकच बाई. वाडी ओस पडलीय हे कळलं, तर लुटारू येतील. म्हणून ती रोज पहाटे उठून सातही घरांत चूल पेटवते, लांबून बघणाऱ्याला घरोघरी माणसं आहेत असं वाटावं म्हणून. हिवाळाभर. पुस्तकात एवढंच आहे.

त्या पुस्तकाची पाठ मोडलेली होती. पानं मऊ पडली होती. शंभर हातांतून गेल्याशिवाय पानं तशी होत नाहीत. मॅव्हिसना ते हातानं कळतं.

हेच पुस्तक त्यांनी खोक्यात टाकलं होतं. पहिलंच. आकार लहान, तळाशी नीट बसत होतं.

आठ डिसेंबरला शेवटची तीन आली. त्यात 'हेक्सरिगचा सरदार' होता.

मॅव्हिसनी तो उघडला. तो... उघडेना. पानं करकरीत. तिसाव्या पानापर्यंत कोणीतरी गेलं होतं. तिथं एक कोपरा दुमडलेला. पुढं पाचशे पानांना कोणाचं बोट लागलेलं नव्हतं.

जे कोणी वाचत होतं, त्यांनाही तो झेपला नव्हता.

मॅव्हिसनी तो वाचला. दोन दिवस लागले. सरदार बोलायला लागला की तीन पानं बोलत होता.

ज्या माणसानं 'सात घरांचा धूर' लिहिला, त्यानं आयुष्यातले शेवटचे दहा महिने या सरदाराला दिले होते. कोणाच्या सांगण्यावरून?

पंधरा डिसेंबरला एकूण सात माणसं आली. त्यातली दोन हीटरसाठी. लांब टेबलावर एकोणीस पुस्तकं ओळीनं मांडलेली. इसोबेलनं हॅमची सँडविचेस आणि तव्यावरचे मनुकांचे केक आणले होते. ती उंच, नीटनेटकी बाई. पुस्तकांवरून हात फिरवताना तिचे डोळे भरून आले.

"काका म्हणायचे, मॅव्हिस आहे तोवर मला काळजी नाही."

मॅव्हिसनी हातातला कप टेबलावर ठेवला.

मग इसोबेलनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. दोरीनं बांधलेला. 'हेक्सरिगच्या सरदाराचे पुनरागमन.'

"हे छापायचं ठरवलंय मी. त्यांचं घर विकतेय, त्यातून. त्यांची शेवटची इच्छा म्हणा."

आता बोलायलाच हवं होतं. मॅव्हिसनी तिला कोपरापाशी धरलं आणि फळ्यांच्या मागं नेलं.

"इसोबेल, ही पुस्तकं बाहेर नव्हती."

"कधी?"

"तेव्हा. मी रद्द केली होती. लगदा झाला त्यांचा. तुमच्या काकांना मी दहा महिने खोटं सांगितलं."

इसोबेलनं त्यांच्याकडं बघितलं. मग टेबलाकडं. मग जाऊन 'सात घरांचा धूर' घेऊन आली.

"ही बघा. मे, जून, जुलै. हे शिक्के या ग्रंथालयाचेच ना?"

"माझाच शिक्का आहे."

"मग?"

"मी मारलेले नाहीत."

इसोबेल किंचित पुढं झाली. बहुधा दारूचा वास येतोय का, ते बघत होती.

"मॅव्हिस, तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का?"

"मला वेड लागलेलं नाही. परत आली ती. पेटीतून. चार-चार."

"पुस्तकं पेटीतूनच परत येतात, बाई."

"बरं. ते राहू द्या. पण ते सरदाराचं छापू नका. घर विकू नका त्याच्यासाठी."

"का?"

"ते चांगलं नसणार."

"तुम्ही वाचलंत?"

"नाही. पहिला भाग वाचलाय."

"काका तर म्हणाले होते, तुम्हीच सांगितलंत. सगळ्यात जास्त मागणी सरदाराला." इसोबेलचा आवाज शाळेतला झाला. "मग खोटं तेव्हा बोललात, की आता बोलताय?"

"तेव्हा."

मॅव्हिसनी हा शब्द दीड वर्षं छातीत वागवला होता. तो बाहेर आला आणि काहीच झालं नाही. टेबलावर एकोणीस पुस्तकं होती. कोणीही जाऊन मोजून घ्यावीत.

इसोबेलचा चेहरा हळूहळू निवळला. तिनं मॅव्हिसचा हात हातात घेतला.

"दुःखात माणसाला असं काहीबाही वाटतं. आपलंच चुकलं असं. तुम्ही त्यांना फार मानत होता, मला माहीत आहे."

असं कोणी म्हणेल, याची तयारी मॅव्हिसनी केली नव्हती.

तेवढ्यात...

धप्प.

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. हीटरपाशी बसलेला एकजण म्हणाला, "ग्रंथालय उघडं आहे की. आत या म्हणावं."

सव्वातीन वाजले होते.

मॅव्हिस गेल्या. पेटी उघडली. आत हात घालून चारही कोपरे चाचपले.

पेटीत काहीही नव्हतं.

"काय आहे?" इसोबेलनं विचारलं.

"काही नाही," मॅव्हिस म्हणाल्या. आणि हे खरं होतं, तरी सांगताना त्यांची जीभ अडखळली.

त्यानंतर पेटी वाजली नाही. का आली पुस्तकं, कोणी आणली? मॅव्हिसची बाजू राखायला आणली, की कबुलीजबाबाची वाट कायमची बंद करायला? मॅव्हिसना आजही कळलेलं नाही. आता कोणी विचारलं, अमुक पुस्तक आहे का, तर त्या तोंडानं उत्तर देत नाहीत. उठतात, फळीपाशी जातात, पुस्तकावर बोट टेकवतात, आणि मगच 'आहे' म्हणतात. लोकांना वाटतं, वय झालं.

नदीकाठचं घर वसंतात विकलं गेलं. 'हेक्सरिगच्या सरदाराचे पुनरागमन' सप्टेंबरमध्ये छापून आलं. मॅव्हिसनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, एकही ओळ न गाळता.

चारशे बारा पानं आहेत. वाईट आहे.